दत्तूअण्णांचा औरंगजेब

"सिकंदर मागं फिरला असं मी म्हणणार न्हाई. जीव गेला तरी न्हाई!" असं ओरडून बापू डाकेनं पुठ्ठ्याची ढाल मांडवाच्या खांबावर आपटली. ढालीचा सोनेरी कागद सुटून माझ्या पायाशी आला.

"बापूदा, तुला काय म्हणायचंच न्हाई. कॅसेट म्हणणार हाय. तू नुसतं तोंड हलवायचं," मी म्हटलं.

"मग तोंडबी हलवणार न्हाई. जगजेता हाय तो. नदी बघून घाबरतोय व्हय?"

"घाबरला न्हाई, पण परत गेला. व्यास नदीच्या काठावरनं गेला. सैन्यच म्हणालं, बास झालं, आता घरला जाऊया. हा तंबूत रुसून बसला, तरी कोण हललं न्हाई."

"मग सैन्यच फितूर!"

"सैन्याला कशाला नावं ठेवतोस?" नेपोलियनची टोपी सावरत गुंडू मध्ये पडला. "माझं सैन्य बघ. सांगितलं तसं गुमान मॉस्कोपर्यंत आलं. आता शहर पेटवून माणसंच पळून गेली आणि वरनं थंडी पडली, त्याला मी काय करू?"

"तुझं आणून माझ्याशी लावू नको, गुंड्या. मी एकबी लढाई हरलो न्हाई."

"मग मागं कशाला फिरलास?"

बापू ढाल घेऊन धावला आणि जगज्जेत्यांनी मांडवाला दोन फेऱ्या मारल्या. बापू तालमीतला पैलवान आणि गुंडू आमच्या चौकातला पानपट्टीवाला. गुंडूला ही भूमिका निव्वळ उंचीवर मिळाली होती. नेपोलियन काही तेवढा बुटका नव्हता हे मला पुढं कळलं, पण तेव्हा आमच्या गल्लीत त्याबद्दल कुणाला शंका नव्हती. भूमिका मिळाल्यापासून मात्र दोघांचं डोकंच फिरलं होतं. गुंडू पानाला चुना लावता लावता गिऱ्हाइकांना आपल्या लढाया सांगायचा. खरा मोठा कोण, सिकंदर की नेपोलियन, यावरून चहाच्या टपरीवर रोज हातघाई व्हायची. चंगेजखानाच्या बाजूचेही दोघे-तिघे निघाले होते. जपानवर गेलेल्या कुब्लाई खानालाही मी घेणार होते; पण त्याची जहाजं वादळात बुडवायला स्टेजवर पाणी सोडावं लागलं असतं, आणि मांडववाला त्याला तयार होईना.

हा सगळा दंगा मी उभा केला होता, आणि माझं पुढचं सगळं आयुष्य त्याच्यावर टांगलेलं होतं.

मी उज्ज्वला म्हेत्रे. इचलकरंजीत आमच्या गल्लीत घरटी यंत्रमाग होते. आमच्या घरामागच्या शेडमध्ये चार. वडिलांना गाव दत्तूअण्णा म्हणायचं. माग हा त्यांचा धंदा, पण जीव सगळा गणपतीच्या देखाव्यात. आमचं नवरंग मंडळ दरवर्षी जिवंत देखावा करायचं आणि अण्णा दरवर्षी त्यातला खलनायक. त्यांची दाढी घरचीच असल्यामुळं अफझलखान, शाहिस्तेखान, कंस, सगळं त्यांच्याकडंच. पण गावच्या देखाव्यांच्या स्पर्धेत पहिला नंबर काही मिळायचा नाही. तो शेजारच्या चौकातलं झुंजार मंडळ घेऊन जायचं आणि वरून मिरवणुकीत आमच्या मांडवासमोर उगाच जास्त वेळ नाचायचं.

त्या वर्षी मी इतिहास घेऊन बी.ए. झाले. निकाल रखडले होते, म्हणून एम.ए.चे प्रवेश गणपतीनंतर होते. मला कोल्हापूरला जायचं होतं, वसतिगृहात राहून शिकायचं होतं. अण्णांनी सांगलीच्या एका कापडवाल्यांचं स्थळ आणलं होतं. घरात रोज हाच विषय आणि रोज तेच उत्तर, "शिकलीस तेवढं बास."

एके संध्याकाळी अण्णांना जेवायला बोलवायला म्हणून मी मंडळाच्या बैठकीत गेले, तर तिथं पुन्हा अफझलखानाचीच तयारी चाललेली. मला हसू आवरलं नाही.

"परत अफझलखान? अण्णा, लोक आता तुमच्या पोटाकडं बघतबी न्हाईत."

अण्णा तापले. "मग तू सांग की. लई शिकलीयास."

मी सांगितलं. जग जिंकायला निघालेले तिघं, सिकंदर, नेपोलियन आणि औरंगजेब, शेजारीशेजारी उभे करायचे. प्रत्येकानं आधी आपली फुशारकी सांगायची. मग पडद्यामागून काळाचा आवाज येणार आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारणार, 'तू कुठं अडलास?' शेवटी लोकांनी ठरवायचं, मोठा कोण. बैठकीत सगळे एकदम बोलायला लागले. सिकंदर व्हायला सात जण उभे राहिले. औरंगजेब व्हायला कुणीच नाही, तेव्हा सगळ्यांनी सवयीनं अण्णांकडं बघितलं. ती संधी मी सोडली नाही.

"अण्णा, ह्या देखाव्याचा पहिला नंबर आला तर मला कोल्हापूरला पाठवायचं."

अण्णांनी एकदा माझ्याकडं आणि एकदा मंडळाकडं बघितलं.

"आण. आणून दाखव. मी सवता तुला वसतिगृहात सोडून येतो. पण न्हाई आला तर सांगलीला हो म्हणायचं आणि परत तोंड उघडायचं न्हाई. ऐकलं न्हवं सगळ्यांनी?"

सगळ्यांनी ऐकलं होतं. आणि अण्णा एकदा बोलले की विषय संपला. एका हॉटेलवाल्यानं कधीकाळी त्यांना गार चहा दिला, तेव्हा 'ह्या रस्त्याला पाय ठेवणार न्हाई' असं म्हणून बसले होते. तेव्हापासून बँकेत जाताना अख्ख्या बाजाराला वळसा घालायचे. हॉटेल केव्हाच बंद पडलं, अण्णांचा वळसा सुरूच राहिला.

तर मी कामाला लागले. जिवंत देखाव्यात माणसं जिवंत, पण आवाज कॅसेटचा. संवाद आधी टेप करून ठेवायचे. स्टेजवरचे नट नुसते ओठ हलवतात, तलवार उपसतात. रात्रीत दहा-पंधरा खेळ करायचे, तर गळा टिकणार कुठून? आमच्याकडं मागांच्या खडखडाटात टेप करणं अवघड, म्हणून वीज बंद असायच्या दिवशी, सेलवर रेकॉर्डर चालवून, यासीननं सगळे आवाज घेतले. माईक, भोंगे, टेप, सगळं खातं यासीनचं. काळाचा आवाज माझा. औरंगजेबाचा आवाज आमच्या कॉलेजच्या सरांचा, भारदस्त, खर्जातला. अण्णांची देहयष्टी अफझलखानाची, पण आवाज किरटा. इतकी वर्षं ते गर्जत आले होते ते दुसऱ्यांच्या आवाजात. गावानं त्यांना स्टेजवर बोलताना कधी ऐकलंच नव्हतं.

तालमीच्या वेळी बापू आणि गुंडूची भांडणं चालायची तेव्हा अण्णा कोपऱ्यात दाढीला कंगवा फिरवत बसायचे. एकदा मला म्हणाले, "ह्यो दक्षिणेत आला आणि पंचवीस वर्षं परत गेलाच न्हाई?"

"न्हाई. इथंच मेला. अहमदनगरला."

"का पण? दिल्ली होती, तख्त होतं. जायला कुणी अडवलं होतं?"

मी पुस्तकातली कारणं सांगितली. मराठे, किल्ले, खजिना, सरदारांची आपापसातली भांडणं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि "हं" म्हणाले. त्यांचं समाधान झालेलं नव्हतं.

देखावा उघडला आणि गावात नुसता गजर झाला. रांग पार वेशीकडं गेली. लोक बघून बाहेर पडायचे ते भांडतच. "सिकंदरच!" "अरे जा, नेपोलियन!" पोरं-बाळं घेऊन पुन्हा रांगेत उभे राहायचे. झुंजारवाले तोंडं लपवून बघून गेले. मी प्रत्येक खेळाला पडद्यामागं उभी राहून नटांना हातानं इशारे द्यायचे आणि मनातल्या मनात कोल्हापूरची बॅग भरायचे. पहिला नंबर आता माझ्याच बापाचा, अशी माझी खात्री झाली होती.

परीक्षक आले ते ऐन गर्दीच्या वेळी. तिघं जण, पुढच्या खुर्च्यांवर बसले. पडदा उघडला. बापू ढाल उगारून उभा, गुंडू हात कोटात घालून, अण्णा तख्तावर जपमाळ घेऊन. फुशारक्या झकास झाल्या. मग माझा टेपवरचा आवाज घुमला, "सिकंदरा, सांग, तू कुठं अड..."

आणि तो आवाज रेड्यासारखा खाली गेला, घरघरला आणि बंद पडला.

मी यासीनकडं बघितलं. त्यानं टेप उघडला, तर आतून शेवयांसारखी कॅसेटची पट्टी बाहेर आली. त्यानं ती ओढली तशी ती आणखी आली. दुसरी प्रत केली नव्हती. 'एक हाय की चांगली' असं म्हणून सगळ्यांनीच तो खर्च वाचवला होता. "संपलं, ताई," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

बाहेर स्टेजवर तिघं तसेच पुतळे होऊन उभे. लोकांनी शिट्ट्या सुरू केल्या. परीक्षकांपैकी एकानं घड्याळ बघितलं. नटांना एक ओळ पाठ नव्हती. त्यांना माहीत होतं ते फक्त केव्हा हात वर करायचा आणि केव्हा खाली. पण काळ मीच होते, आणि काळाला सगळं पाठ होतं. मी यासीनच्या हातातला माईक ओढला आणि सरळ स्टेजवर गेले, होते त्या पंजाबी ड्रेसमध्ये.

"सिकंदरा," मी म्हटलं, आणि माझा आवाज भोंग्यातून असा निघाला की मीच दचकले, "सांग, तू कुठं अडलास?" आणि माईक बापूच्या तोंडासमोर धरला.

बापूनं छाती फुगवली.

"व्यास नदीवर," तो म्हणाला. "पाऊस लागला होता. पोरं दमली होती. घरची आठवण काढून रडत होती. मी म्हटलं चला, ती म्हणाली न्हाई. मग मी एकटा जाऊन काय करू? आता राजा मीच, पण भाकरी थापायला तीच लागत्यात!"

लोक खो खो हसले आणि मग टाळ्या अशा पडल्या की मांडव हलला. जीव गेला तरी म्हणणार नाही म्हणणारा बापू सगळं म्हणून गेला होता. गुंडू तर आधीच पुढं येऊन उभा होता. "मला विचार, मला विचार!" त्यानं मॉस्कोची आग सांगितली, बर्फात पडलेले घोडे सांगितले, आणि सांगता सांगता खरोखर रडला. "आणली त्यातली निम्मीबी माणसं घरी न्हेली न्हाईत ओ मी," तो म्हणाला. मी हरखून गेले होते. जमतंय, जमतंय, आता फक्त एकच राहिलाय!

मी तख्ताकडं वळले. अण्णा जपमाळ घट्ट धरून खाली बघत होते. कपाळावर घाम. एवढा मोठा माणूस, मी त्यांना असं भेदरलेलं कधी बघितलं नव्हतं.

"आलमगीरा, तू तर परतही गेला नाहीस. का?"

मग अण्णा बोलले, त्या किरट्या आवाजात, आणि मागच्या रांगेतून कोणतरी फिसकन हसलं.

"पहिल्यांदा वाटलं, एवढं एक मिटवतो आणि जातो," अण्णा म्हणाले. "मग वाटलं, हा एक किल्ला घेतो आणि जातो. एक घ्यावा तर मागचा हातातनं जायचा. मग..." ते थांबले. "मग लाज वाटायला लागली. भरल्या दरबारात बोलून बसलो होतो. रिकाम्या हातानं गेलो तर लोक काय म्हणतील?"

हे माझ्या संहितेत नव्हतं. सरांच्या खर्जातल्या आवाजात खजिना आणि किल्ले यांची कारणं होती. मग मीही मनात आलं तेच विचारलं.

"कुणी सांगितलं नाही, परत जा म्हणून?"

"हुजूर हुजूर करणारी माणसं भोवती. ती कशाला सांगतील? घरच्यांनी सांगायचं, तर त्यांना मी तोंड उघडू दिलं न्हाई." अण्णांनी मान वर केली. "एक पोरगी होती. लई शिकलेली. शायरी करायची. तिला मीच कोंडून ठेवली. ती तिकडं कोंडलेलीच गेली आणि मी इकडं किल्ले मोजत बसलो."

औरंगजेबाच्या त्या पोरीबद्दल, झेबुन्निसाबद्दल, मी त्यांना कधी एक अक्षर सांगितलं नव्हतं. माझं ग्रंथालयाचं पुस्तक आठवडाभर सापडत नव्हतं आणि मग शेडमध्ये, सुताच्या कांड्यांच्या पेटीवर, तेलाचे डाग पडलेलं मिळालं होतं. मी कामगारांना बोलले होते. आता मला कळलं ते कुणी वाचलं होतं.

पडदा पडला. टाळ्या किती वेळ चालल्या ते मला आठवत नाही. पडद्यामागं यासीनला मी मिठी मारायचीच काय ती राहिली होती. "ताई, आला नंबर, लिहून घ्या!" तो नाचत होता. बापू आणि गुंडू एकमेकांच्या गळ्यात. अण्णा मात्र कुणाशी न बोलता दाढी पुसत घरी गेले.

निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मांडवात आला. समितीचा माणूस कागद घेऊन आला, सगळं मंडळ गोळा झालं. पहिला नंबर झुंजार मंडळ. आम्हाला उत्तेजनार्थ. 'कल्पना उत्तम, परंतु सादरीकरणात तांत्रिक बिघाड.'

बापूनं समितीच्या माणसाला जवळजवळ उचललाच होता. गुंडू खाली बसला. मला रडू आलं नाही, नुसतं सगळं रिकामं वाटलं. सांगलीची माणसं रविवारी यायची होती. सगळ्या मंडळासमोर शब्द झाला होता आणि सगळं मंडळ आता माझ्याकडं न बघायचा प्रयत्न करत होतं. मी घरी जायला वळले.

"यासीन," अण्णांचा आवाज आला, "माईक चालू कर."

"कशाला अण्णा? आरतीला वेळ हाय."

"कर म्हणतोय न्हवं."

यासीननं केला. भोंगा कुईं करून ओरडला. अण्णांनी माईक दोन्ही हातांनी धरला, मागाचा दांडा धरावा तसा.

"मी दत्तू म्हेत्रे बोलतोय," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चारी भोंग्यांतून गल्लीभर, चौकभर, झुंजारच्या मांडवापर्यंत गेला. "मी बोललो होतो, पहिला नंबर आला तर पोरगीला कोल्हापूरला धाडतो. सगळ्यांसमोर बोललो होतो. नंबर आला न्हाई. तरी ती जाणार हाय. मी माझा शब्द मागं घेतोय. ज्याला हसायचं असंल त्यानं आत्ताच हसून घ्यावं, मला परत मागावर जायचं हाय."

गल्लीतले माग चालू होते, त्यांचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता. कुणी हसलं नाही. मग बापू डाके खांबाला टेकून म्हणाला, "अण्णा, त्यात काय? मीबी फिरलोय मागं." आणि सगळा मांडव हसला, अण्णाही हसले, आणि मला जे रडू आलं ते काही केल्या थांबेना.

घरी जाताना अण्णा माझ्यापुढं दोन पावलं चालत होते. आमच्याकडं पोरीही 'जातो, येतो'च म्हणतात, मी डोळे पुसत म्हटलं, "अण्णा, मी चांगलं शिकून येतो."

"ते बघू," अण्णा मागं न बघता म्हणाले. मग चाल मंद करून, हळूच, "सांगलीचं मोडलं हे तुझ्या आईला तू सांग. एका दिवसात दोन मैदानं मला झेपायची न्हाईत."

दारात आलो तर आई अंगणात बसली होती. माळ्यावरची जुनी लोखंडी ट्रंक तिनं खाली ओढून काढली होती आणि ओल्या फडक्यानं घासून पुसत होती. शेजारी माझ्या साड्यांची घडी. अण्णा उंबऱ्याबाहेरच थांबले.

"एवढ्या मोठ्या भोंग्यावरनं बोललासा," आई वर न बघता म्हणाली, "मला ऐकू येत न्हाई व्हय?" आणि फडकं पिळून दोरीवर टाकत म्हणाली, "उभं काय राहिलासा? हिचं कुलूप कुठं ठेवलंय ते तेवढं बघा."